जुन्या गृहसंगणकाचं मोल कसं ठरवायचं?

ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका लिलावात 'ॲपल-१' हा संगणक ९ लाख ५ हजार डॉलरना विकला गेला. तो विकत घेतला अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड संग्रहालयानं. १९७६ साली याच संगणकाची दुकानातली किंमत होती ६६६ डॉलर ६६ सेंट. आता दुसरं उदाहरण पाहू. १९८३ साली अमेरिकेत काही लोक 'टायमेक्स सिंक्लेअर १०००' नावाचा नवाकोरा संगणक विकत घेत आणि खोकंसुद्धा न उघडता दुसऱ्या कंपनीला देऊन टाकत. असं का, ते पुढे येईलच.

दोन्ही यंत्रांचा मेंदू म्हणजे ८ बिटांचा मायक्रोप्रोसेसर. दोन्ही जवळपास एकाच काळातली, आणि आजच्या मोजमापानं दोन्ही सारखीच निरुपयोगी. हातातला साधा मोबाइल त्यांच्यापेक्षा लाखो पटींनी सरस आहे. मग एकाचं मोल नऊ लाख आणि दुसऱ्याचं जवळजवळ शून्य, हे ठरवलं कुणी? किंमत यंत्रात असते, की बाहेर कुठेतरी? आणि जुन्या यंत्राची 'रास्त' किंमत अशी काही गोष्ट मोजता येते का?

प्रश्न वरवर हौशी संग्राहकांचा वाटतो. पण आपल्या शाळेच्या कपाटात असं एखादं यंत्र पडून असेल, तर तो आपलाही आहे.

शंभर पौंडांच्या आत

गृहसंगणकांचा खरा काळ १९७७ साली सुरू झाला. त्या एका वर्षात तीन तयार संगणक बाजारात आले : ॲपल-२ (१२९८ डॉलर), कमोडोर पेट (७९५ डॉलर) आणि टीआरएस-८० (पडद्यासह सुमारे ६०० डॉलर). तोवर घरी संगणक हवा असेल तर सुटे भाग आणून डाख द्यावा लागे. ॲपल-१ सुद्धा नुसतं सर्किट बोर्ड होतं. पेटी, कळफलक, वीजपुरवठा, पडदा हे सारं घेणाऱ्यानं जमवायचं.

इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी वेगळा विचार केला. लोकांना परवडेल ती किंमत आधी ठरवायची आणि त्या किमतीत बसेल असं यंत्र नंतर बनवायचं. १९८० चा झेडएक्स-८० हा ९९ पौंड ९५ पेन्सचा, म्हणजे शंभराच्या आतला. पुढच्याच वर्षी आलेला झेडएक्स-८१ जोडलेल्या स्वरूपात ६९.९५ पौंडांना आणि सुट्या भागांच्या संचात ४९.९५ पौंडांना मिळे. हे कसं साधलं? झेडएक्स-८० मध्ये २१ चिप होत्या. त्यांपैकी बऱ्याच चिपांचं काम फेरांटी कंपनीनं बनवलेल्या एकाच चिपमध्ये कोंबलं आणि झेडएक्स-८१ चार चिपांत बसवला. त्याची स्मृती १ किलोबाइट. या लेखाचा एक परिच्छेद युनिकोडमध्ये त्यात मावणार नाही! तरीही तो पंधरा लाखांहून अधिक विकला गेला. एप्रिल १९८२ मध्ये आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना आणि ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना होता.

दरम्यान बीबीसीनं संगणक साक्षरतेची मोहीम हाती घेतली आणि दूरचित्रवाणीवरच्या धड्यांसाठी एक अधिकृत संगणक निवडला : केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांचा त्याच्या रचनेत मोठा वाटा होता. हा बीबीसी मायक्रो महाग होता, पण दणकट आणि जोडण्या भरपूर असलेला. शाळांसाठी तोच योग्य ठरला. याच दोघांनी पुढे एआरएम हा प्रोसेसर रचला. १९८५ साली त्याच्या पहिल्या चिपा तपासल्या गेल्या, तेव्हा त्या बीबीसी मायक्रोलाच जोडलेल्या होत्या. आज बहुतेक मोबाइलमध्ये त्या घराण्यातला प्रोसेसर असतो.

किंमतयुद्ध

अमेरिकेत १९८२-८३ मध्ये गृहसंगणकांच्या किमतींचं युद्ध पेटलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-९९/४ए हा १९८१ मध्ये ५२५ डॉलरचा संगणक १९८३ मध्ये १०० डॉलरवर आला, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीनं या धंद्यातून अंग काढून घेतलं. १९८२ मध्ये ५९५ डॉलरना आलेला कमोडोर ६४ वर्षभरात त्याच्या निम्म्या किमतीच्याही खाली उतरला.

याच काळात कमोडोरनं जाहीर केलं, की कुठलाही जुना संगणक किंवा खेळयंत्र आणून द्या, कमोडोर ६४ वर १०० डॉलर परत मिळवा. 'कुठलाही' या शब्दातली फट ग्राहकांच्या ताबडतोब लक्षात आली. टायमेक्स सिंक्लेअर १००० म्हणजे झेडएक्स-८१ चाच अमेरिकी भाऊ. तो तेव्हा ५० डॉलरच्या आत मिळू लागला होता. तो घ्यायचा, कमोडोरला द्यायचा आणि शंभर डॉलरची सूट पदरात पाडायची. सुरुवातीला उल्लेख केलेले खरेदीदार ते हेच.

गंमत बाजूला ठेवून यातला धडा पाहू. त्या दिवशी त्या संगणकाची किंमत त्याच्या गणनशक्तीवर ठरत नव्हती, कमोडोरच्या योजनेमुळे ठरत होती. योजना संपली तशी ती किंमतही संपली. किंमत ही वजनासारखी वस्तूला चिकटलेली राशी नाही. ती वस्तू, घेणारा, विकणारा आणि वेळ या चौघांमधलं नातं आहे.

किती बनले, किती उरले, किती जणांना हवे

दुर्मीळ म्हणून महाग, हे उत्तर आपण पटकन देतो. पण ते अपुरं आहे. तीन संख्या वेगवेगळ्या पाहाव्या लागतात.

पहिली, किती बनले. ॲपल-१ सुमारे २०० बनले, झेडएक्स-८१ पंधरा लाखांवर. दुसरी, किती उरले. ॲपल-२ आल्यावर कंपनीनं ॲपल-१ परत घेऊन ग्राहकांना सवलत दिली आणि परत आलेले बोर्ड नष्ट केले. म्हणजे आधीच थोडे, त्यातून आणखी कमी. तिसरी, किती जणांना हवे. एखाद्या कार्यालयीन संगणकाचे दहाच नमुने उरले असतील, पण तो बालपणी कुणी वापरलाच नसेल, तर घेणारे पाचसुद्धा भेटत नाहीत. उलट कमोडोर ६४ लाखोंनी उरले आहेत आणि तरीही त्यांना सतत गिऱ्हाईक आहे.

ज्युपिटर एस हा १९८२ चा इंग्लिश संगणक तिन्ही संख्या जुळून आल्याचं उदाहरण आहे. स्पेक्ट्रमवर काम केलेल्या दोघांनी तो बनवला. बाकी सगळे बेसिक ही भाषा देत असताना त्यांनी फोर्थ ही भाषा दिली. तो चालला नाही, काही हजारच विकले गेले. त्याचं पातळ प्लास्टिकचं कवच चटकन तडकतं, म्हणून धड राहिलेले त्याहूनही कमी. आणि 'वेगळ्या भाषेचा संगणक' म्हणून हवा असणारे मात्र पुष्कळ. त्यामुळे तो आज झेडएक्स-८१ च्या कित्येक पट किमतीला जातो.

अनुक्रमांकांची भाषा

'किती बनले' हे कळायचं कसं? कंपन्या बुडालेल्या असतात, दप्तर हरवलेलं असतं आणि विक्रेत्याला 'अतिदुर्मीळ' म्हणायची घाई असते. इथे संख्याशास्त्र मदतीला येतं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी दरमहा किती रणगाडे बनवतो, हा प्रश्न दोस्त राष्ट्रांपुढे होता. जून १९४१ साठी हेरखात्याचा अंदाज होता १५५०. संख्याशास्त्रज्ञांनी पकडलेल्या रणगाड्यांवरचे अनुक्रमांक तपासून सांगितलं, २४४. युद्धानंतर जर्मन दप्तर हाती आलं, त्यात आकडा होता २७१. ऑगस्ट १९४२ साठी हेच तीन आकडे १५५०, ३२७ आणि ३४२ असे होते.

रीत सोपी आहे. समजा, एका संगणकाचे पाच नमुने पाहायला मिळाले आणि त्यांचे क्रमांक २३, ४७, ६८, ९१ आणि १२० आहेत. सर्वांत मोठा १२०, म्हणजे निदान १२० तरी बनले. पण नेमका शेवटचाच आपल्या हाती लागला असेल, असं मानायला काही आधार नाही. पाच क्रमांक १ ते १२० मध्ये विखुरले, म्हणजे सरासरी अंतर १२० भागिले ५, अर्थात २४. शेवटच्या क्रमांकापुढेही साधारण तेवढंच अंतर असावं. म्हणून अंदाज : १२० + २४ – १ = १४३. वजा एक का, ते दहावीच्या विद्यार्थ्यांना शोधायला सांगा.

अर्थात, क्रमांक एकापासून सलग दिले असतील आणि पाहिलेले नमुने निवडक नसतील, तरच हे खरं. कारखाने अनेक असतील, दर कारखान्याची मालिका वेगळी असेल, तर त्या आधी वेगळ्या कराव्या लागतात. कमोडोर ६४ बाबत असं काम झालं आहे. त्याच्या विक्रीचे १ कोटी ७० लाखांपासून पुढचे आकडे वर्षानुवर्षं सांगितले जात होते. अनुक्रमांकांच्या अभ्यासातून निघालेला अंदाज सुमारे सव्वा कोटी आहे. 'इतके विकले' हा आकडाही दुर्मीळतेच्या दाव्याइतकाच तपासून घ्यावा, हे यातून दिसतं.

'चालू स्थितीत'

आता वस्तूची अवस्था पाहू. जुना संगणक तांब्याच्या हंड्यासारखा नसतो. तो कपाटात बंद असतानाही बिघडत असतो.

पांढरट कवच पिवळं पडतं, ते धुळीनं नव्हे. अतिनील किरण, उष्णता आणि ऑक्सिजन यांमुळे प्लास्टिकमध्ये आणि त्यात मिसळलेल्या अग्निरोधक द्रव्यांमध्ये रासायनिक बदल होतात. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या उपचारानं रंग उजळतो, पण पुढे पुन्हा पिवळेपणा येऊ शकतो. म्हणून 'पांढराशुभ्र' हा शब्द वाचला, की तो मूळचा की उजळलेला, हे विचारावं. स्पेक्ट्रमच्या रबरी कळांखालचा पातळ पडदा वयानं ठिसूळ होतो. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यातल्या काही कपॅसिटरच्या कवचाला तडे जातात, दमटपणा आत शिरतो आणि तीस-पस्तीस वर्षांनी बटण दाबताच धूर निघतो. कमोडोर ६४ चा मूळ वीजपुरवठा तर बिघडताना ५ व्होल्टऐवजी जास्त व्होल्टता देतो आणि स्मृतीच्या चिपा जाळून टाकतो. म्हणून असं यंत्र 'चालतंय का बघू' म्हणून थेट प्लगमध्ये खुपसू नये. आधी वीजपुरवठा वेगळा काढून मीटरनं तपासावा.

ही माहिती विकणाऱ्याला असते, घेणाऱ्याला नसते. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचा याच अंगानं विचार केला. चांगली आणि खराब गाडी ओळखता येत नसेल, तर ग्राहक दोन्हींच्या मधली किंमत देऊ करतो. ती चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मग मागे खराब गाड्याच उरतात. या कामासाठी त्यांना २००१ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. संगणक चालू असताना पडद्याचं छायाचित्र दाखवा, आतल्या बोर्डाचं छायाचित्र दाखवा, असा आग्रह जाणकार धरतात तो यासाठीच. असा पुरावा देणाऱ्या प्रामाणिक विक्रेत्यालाही त्यानं योग्य किंमत मिळते.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत

रास्त किंमत काढताना पहिला नियम असा, की मागितलेल्या किमती बाजूला ठेवायच्या. कुणीही काहीही मागू शकतो. प्रत्यक्ष व्यवहार झालेल्या किमतीच आपली निरीक्षणं.

समजा, एकाच प्रकारचे, एकसारख्या स्थितीतले सात संगणक ४०, ४५, ५०, ५५, ६०, ६५ आणि ३८५ पौंडांना विकले गेले. (आकडे उदाहरणापुरते आहेत.) सरासरी येते १००. पण शंभरच्या आसपास एकही व्यवहार झालेला नाही! तो ३८५ चा व्यवहार बहुधा न उघडलेल्या खोक्याचा, किंवा दोन हट्टी बोलीदारांचा. मध्यक येतो ५५, आणि तोच परिस्थितीला धरून आहे. प्रयोगशाळेत एखादं वाचन भलतीकडे गेलं तर आम्ही हेच करतो. ते खोडून टाकत नाही, पण त्याला सगळ्यांच्या वतीनं बोलूही देत नाही.

दुसरा नियम लिलावाविषयी. केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल उद्योगातल्या तिघा अभियंत्यांनी १९७१ साली दाखवलं, की तेलक्षेत्रांच्या लिलावात जिंकणाऱ्या कंपन्यांचा नफा अपेक्षेपेक्षा कमी निघतो. कारण साधं आहे. प्रत्येक जण मोल अंदाजानं ठरवतो, काहींचे अंदाज खाली चुकतात, काहींचे वर. आणि लिलाव जिंकतो तो सर्वांत वर चुकलेला. बोलीदार जितके जास्त, तितकी ही भीती मोठी. म्हणून आपला आकडा आधी कागदावर लिहून ठेवावा आणि त्यापुढे जाऊ नये.

तिसरा नियम महागाईचा. १९८२ चे १७५ पौंड म्हणजे आजचे किती? निर्देशांक कोणता घेतो त्यानुसार साडेतीन ते साडेचार पट, म्हणजे सहाशे ते आठशे पौंड. सर्वसाधारण स्थितीतला स्पेक्ट्रम आज त्याच्या लहानशा हिश्श्यात मिळतो. म्हणजे ज्यानं तो घेऊन चाळीस वर्षं जपला, त्याला पैशाच्या हिशोबात तोटाच झाला.

आणि ॲपल-१? १९७६ ते २०१४ या काळात डॉलरची महागाई सुमारे चौपट झाली. ती धरली तरी ९ लाख ५ हजार म्हणजे मूळ किमतीच्या सव्वातीनशे पट. चक्रवाढीनं पाहिलं तर ३८ वर्षं दरसाल सुमारे २१ टक्के. ऐकून तोंडाला पाणी सुटेल. पण १९७६-७७ साली घेतलेल्या शेकडो प्रकारच्या यंत्रांपैकी कोणतं टिकेल आणि प्रसिद्ध होईल, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? आपण फक्त जिंकलेलं तिकीट पाहतो, फाडून टाकलेली पाहत नाही. शिवाय सगळेच ॲपल-१ तितक्याला जात नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये लाकडी पेटीतल्या एका ॲपल-१ वरची बोली ४ लाख डॉलरवर थांबली.

आपल्या कपाटात

भारतात हे संगणक घरांपेक्षा शाळांतून अधिक आले. १९८४ साली केंद्र सरकारनं 'क्लास' हा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुमारे अडीचशे शाळांतून सुरू केला, आणि त्यासाठी निवडलं ते बीबीसी मायक्रो. पुढे एकॉर्नच्या परवान्यानं मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं त्याची भारतीय आवृत्ती 'युनिकॉर्न' नावानं काढली. १९८८ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' बाजारात आणला. आज पन्नाशीत असलेल्या अनेकांनी पहिली बेसिक आज्ञा लिहिली ती यांपैकी एखाद्या यंत्रावर.

यातली काही यंत्रं अजून शाळांच्या कपाटांत असतील. जडसंग्रह नोंदवहीत त्यांची एक ओळ असते, निर्लेखन होतं आणि यंत्र भंगाराच्या वजनावर जातं. भंगारवाल्यानं दिलेली किंमत खोटी नसते. तांबं, पत्रा आणि सोन्याचा सूक्ष्म मुलामा यांची ती किंमत असते. उद्या एखादा जाणकार संग्राहक आला आणि त्यानं भंगाराच्या दराहून शंभर रुपये जास्त देऊन 'युनिकॉर्न' नेला, तर तो व्यवहार राजीखुशीचा असेल, पण रास्त असेल का? एका बाजूला सगळी माहिती आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशा सौद्यातली किंमत फक्त कोण किती जाणतो एवढंच सांगते. ॲकरलॉफच्या मोटारींचंच हे उलटं रूप. इथे अज्ञान विकणाऱ्याच्या पदरी असतं.

यावरचा उपाय माहिती हाच आहे, आणि तो शाळेच्या हातात आहे. यंत्र चालू करून पाहू नका. पुढून, मागून आणि शक्य असल्यास झाकण काढून छायाचित्रं घ्या. नमुन्याचं नाव आणि अनुक्रमांक उतरवून घ्या. सोबतच्या पुस्तिका, कॅसेट, चकत्या वेगळ्या न करता एकत्र ठेवा. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमची कॅसेट परदेशी बाजारात कदाचित पाच पौंडांचीही नसेल, पण १९८० च्या दशकात आपली मुलं संगणकाशी काय करत होती, याचा तो क्वचित उरलेला पुरावा आहे. तो कुठल्याही मध्यकात सापडत नाही. एवढी नोंद झाली, की मग ठेवायचं, संग्रहालयाला द्यायचं, विकायचं की अधिकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवायचं, हे शाळेनं डोळे उघडे ठेवून ठरवावं.

वर्गात करून पाहा

एका पिशवीत १ पासून सुरू होणाऱ्या सलग क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाका. एकूण किती, ते फक्त तुम्हाला ठाऊक असू द्या. प्रत्येक गटानं न पाहता पाच चिठ्ठ्या काढायच्या, सर्वांत मोठ्या क्रमांकावरून वरच्या रीतीनं अंदाज करायचा आणि चिठ्ठ्या परत टाकायच्या. सगळ्या गटांचे अंदाज फळ्यावर लिहा. त्यांची सरासरी आणि मध्यक काढा, मग खरी संख्या सांगा. नंतर हेच दहा चिठ्ठ्या काढून करा. अंदाज किती जवळ येतात, ते मुलांनाच सांगू द्या. शेवटी त्यांना विचारा : समजा ५० च्या वरच्या चिठ्ठ्या पिशवीच्या तळाशी चिकटून बसल्या असत्या, तर आपण काय म्हणालो असतो?